तीन मिनिटं पुढचं घड्याळ

एक घड्याळ निवडायला मी दीड महिना लावला, ही गोष्ट आमच्या घरात अजून चेष्टेने सांगितली जाते. सांगणाऱ्यांना अर्धीच हकिगत माहीत आहे, म्हणून मीही हसून घेतो. उरलेली अर्धी आता लिहून ठेवावी असं वाटतं.

वडील, म्हणजे आमचे आबा, पिंपरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. मावळातल्या खेड्यातून आले ते थेट त्या गेटवर उभे राहिले आणि रिटायर होईपर्यंत तिथून हलले नाहीत. गेटच्या केबिनमध्ये भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं आणि त्याच्याखाली भोंग्याचा खटका. पाळी सकाळी सातला सुरू व्हायची, साडेतीनला सुटायची, मधे अर्धा तास जेवण. प्रत्येक वेळी खटका आबांनीच दाबायचा. सातचा भोंगा थांबला की ते गेट लावून घेत, आणि त्यानंतर जो येईल त्याचा त्या दिवशी खाडा.

टाइम ऑफिसातलं घड्याळ त्या भोंग्यावर लावलेलं असायचं. आमच्या चाळीतली जी काही दोन-चार घड्याळं होती, तीही त्याच्यावरच. बायका पोरांना शाळेत पिटाळायच्या त्या भोंग्यावर आणि चूल पेटवायच्या त्याही भोंग्यावर. एवढ्या लोकांना वेळ सांगणाऱ्या या माणसाच्या मनगटावर स्वतःचं घड्याळ मात्र कधीच नव्हतं. आम्हाला कुणाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मी त्याच कारखान्यात, पण आत, गेज रूममध्ये होतो. माल मापात झाला की नाही हे ज्या गेजने तपासतात, ती गेजंच खरी आहेत की नाहीत हे तपासायचं काम माझं, हुद्दा इन्स्पेक्टरचा. जनरल शिफ्ट असल्यामुळे मला आठला जायचं असे आणि सातचा भोंगा मी घरी चहा घेताना ऐकत असे. या कामाने माणूस किरकिरा होतो. आई म्हणायची, ‘‘ह्याला भाकरी वाढली तरी आधी वाटोळी हाय का बघतो, मग खातो.’’ ती म्हणायची त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

आबांचा शेवटचा दिवस दोन महिन्यांवर आला, तेव्हा मी मनाशी ठरवलं की त्यांना घड्याळ द्यायचं. तेही रोज वापरायचं रेडियमवालं जाडजूड नव्हे. निरोपाच्या कार्यक्रमात मनगटावर बांधल्यावर माणसाने वळून बघावं असं, आणि पुढे लग्नकार्यात पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीखाली शोभेल असं. आयुष्यभर खाकीत वावरलेल्या माणसाकडे एक तरी ऐटीची वस्तू असावी, एवढीच माझी इच्छा होती. ऐपत मात्र बेताची. दिवाळीच्या बोनसमधून जेवढं बाजूला ठेवलं होतं तेवढ्यातच हे बसवायचं होतं.

आईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. ‘‘अरं, समद्या पिंपरीला येळ वाटनाऱ्या मानसाला घड्याळ देतोस व्हय?’’

‘‘म्हणूनच देतोय,’’ मी म्हणालो.

चिंचवडच्या बाजारात एका म्हाताऱ्या घड्याळजींचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. चाचा एका डोळ्याला भिंग लावून बसलेले असत आणि बोलताना ते भिंग काढत नसत. त्यांचा दुसरा डोळा आपल्याकडे बघतोय हे कळायला मला दोन-तीन भेटी लागल्या. शेजारी फळीवर रेडिओ होता. त्यावर वेळेचे ठोके वाजले की चाचा हातातलं काम थांबवून दुकानातलं मोठं घड्याळ तपासत. हे मला फार आवडलं. हा आपल्या जातकुळीचा माणूस, असं वाटलं.

सरकारी कारखान्याची घड्याळं तेव्हा नंबर लावून मिळत. परदेशी घड्याळं चोरून आलेली असत, आणि तसलं घड्याळ गेटवरच्या वॉचमनला देणं मला पटेना. चाचांकडे मात्र गिऱ्हाइकांनी हौसेने घेऊन, फार न वापरता परत विकलेली चांगली घड्याळं असत. ती ते उघडून, साफ करून, खात्रीने देत. त्यांनी निळ्या मखमलीवर सात-आठ मांडली. मी पहिल्यांदा एका मोठ्या, चकचकीत, तारीख-वार दाखवणाऱ्या घड्याळाला हात घातला. स्टीलचा पट्टा, तबकडीवर चार ठिकाणी काहीबाही लिहिलेलं.

‘‘ते ड्युटीचं हाय,’’ चाचा म्हणाले. ‘‘कार्याला घालायचं घड्याळ येगळं. ते पातळ पायजे. भारी घड्याळ वळखायचं तर त्याच्यावर कमी लिवलेलं बघा.’’

मग त्यांनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. सायीच्या रंगाची कोरी तबकडी, आकड्यांच्या जागी बारीक सोनेरी रेघा, त्यांच्यामधे मिनिटांच्या केसाएवढ्या रेघा, सुईसारखे दोन काटे, तारीख नाही, रेडियम नाही. कडेला सोन्याचं पाणी दिलेलं, पट्टा तपकिरी कातड्याचा. वजन म्हणाल तर हातावर काही ठेवलंय हेच कळू नये. मी खिशातून माझं भिंग काढलं. रेघा समान अंतरावर होत्या. काचेवरून नख फिरवलं, कुठे अडलं नाही. चावी दिली तर प्रत्येक दात सारखा लागत होता. माझ्यासारख्या माणसाला खोट काढायला जागाच नव्हती आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटलं.

‘‘आवडलं?’’ चाचांनी विचारलं.

‘‘आवडून काय उपयोग? वेळ बरोबर दाखवतं का ते बघायला पाहिजे.’’

चाचांनी ते रेडिओच्या ठोक्यावर लावलं आणि परतीच्या बोलीवर मला दिलं. आबांना पत्ता लागू नये म्हणून मी ते रुमालात गुंडाळून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेटवर गेल्यावर रुमाल सोडला आणि चहाचा कप बाजूला ठेवून वाट बघत बसलो. भोंगा झाला. घड्याळात सात वाजून तीन मिनिटं झाली होती.

एका दिवसात तीन मिनिटं! मी ते तसंच परत नेलं. चाचांनी ते ठेवून घेतलं आणि दुसरं दिलं. हे दुसऱ्या बनावटीचं, पांढऱ्या तबकडीचं, स्टीलचं, खाली सेकंदाचा छोटा काटा. पहिल्याइतकं देखणं नव्हतं, पण बरं होतं. तेही सकाळी सातच्या भोंग्याला तीन मिनिटं पुढे. मी चाचांना जरा टाकून बोललो. तुमच्या खात्रीचा काय भरवसा, असंही म्हणालो. आज ते आठवलं की लाज वाटते.

तिसरं नेलं तेही तीन मिनिटं पुढे. तेव्हा मात्र चाचांनी भिंग काढलं. त्यांचे दोन्ही डोळे मी पहिल्यांदाच बघितले.

‘‘इन्स्पेक्टरसाहेब,’’ ते सावकाश म्हणाले, ‘‘एक घड्याळ पुढं गेलं, तर घड्याळाची चूक. दोन गेली, तर माझी चूक. तीन कंपन्यांची तीन घड्याळं, तीनही तेवढीच पुढं? तुमी मोजता कशावर?’’

‘‘भोंग्यावर.’’

‘‘तो कुनी तपासला?’’

गेज रूममध्ये नवीन आलेल्या पोराला मी पहिल्याच दिवशी हेच शिकवत असे. तीन वेगवेगळे नग सारखेच चुकीचे निघाले, तर नग टाकू नकोस, आधी हातातलं गेज तपास. अशी चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याची सालटी काढली असती. पण भोंगा चुकत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. भोंगा म्हणजे आबा होते.

‘‘भोंगा कोन वाजवतं?’’ चाचांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि हातातल्या कामाकडे बघत म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे मग. पहिलं घड्याळ मी बाजूला ठेवतो. तुमी इचार करा.’’

तरी खात्री करून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. चाचांकडून तिसरं घड्याळ पुन्हा मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन पिंपरी स्टेशनवर गेलो. स्टेशनातलं घड्याळ आणि माझ्या हातातलं, दोन्ही जुळत होती. पलीकडच्या रेल्वे फाटकाशी दोन्ही बाजूंना सायकलवाले खोळंबले होते. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि ताथवडे, माण अशा लांबच्या गावांतून आलेली माणसं उभ्याने पायडल मारत कारखान्यांच्या दिशेने सुटली. मी त्यांच्याकडे बघितलं न बघितलं. माझी नजर काट्यावर. सात वाजले. शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. मग पलीकडच्याचा. आमचा भोंगा नेहमी सगळ्यांच्या मागून होतो हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. बाकीचे मालक हावरट, म्हणून त्यांचे भोंगे आधी होतात, असं मी शाळेत छातीठोकपणे सांगितलेलं होतं. आमचा झाला तेव्हा सात वाजून तीन मिनिटं झाली होती.

परत येताना सारखा त्या भोंग्याचाच विचार करत होतो. मिनिटांचं मला काही नव्हतं. पण आबांना हे माहीत नसलं तर? या माणसाची एकच मिजास होती. वेळेच्या बाबतीत आपल्याला कुणी बोट दाखवलं नाही, असं ते चारचौघांत म्हणत. आणि मी त्यांना त्यांच्याच निरोपाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, अशी वस्तू देणार होतो, जी बांधताक्षणी सांगेल की तुमचा भोंगा इतकी वर्षं चुकीचा होता. बरोबर चालणारं घड्याळ ही त्यांना देण्यासारखी सगळ्यात वाईट वस्तू होती.

मी शाल घ्यावी का याचा विचार केला. चांगली छत्री घ्यावी असंही वाटलं. सरळ त्यांनाच विचारावं, असं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा त्यांच्यासमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो. असे दिवस गेले. पण त्या सायीच्या रंगाच्या तबकडीवरून माझं मन हटेना. शेवटी चाचांकडे गेलो, आधी माफी मागितली आणि मग ते पहिलं घड्याळ घेतलं. चाचांनी ते पुन्हा रेडिओवर लावून दिलं.

निरोपाच्या दिवशी सकाळी मी जनरल शिफ्टला निघण्याआधी घड्याळाची चावी ओढली आणि मिनिटकाटा तीन रेघा मागे घेतला. चुकीच्या मालावर मी त्या दिवसापर्यंत एकदाही सही केली नव्हती. ही पहिली, आणि मी ती खुशीने केली.

साडेतीनचा भोंगा आबांनी शेवटचा वाजवला आणि कॅंटीनमध्ये कार्यक्रम झाला. हार, नारळ, शाल, दोन भाषणं. साहेब म्हणाले, यांच्यामुळे कारखाना घड्याळाच्या काट्यावर चालला. मी मान खाली घातली. भाषणं झाल्यावर माणसं पाया पडायला आली, त्यांत सायकलवरून लांबून येणारीच जास्त दिसली. माणचा एक पिकल्या मिशांचा फिटर आबांचा हात धरून कितीतरी वेळ उभा राहिला. बाकीच्यांपेक्षा हेच लोक का गहिवरलेत, हे मला कळेना.

मग मी पुढे झालो आणि ते घड्याळ आबांच्या मनगटावर बांधलं. कातड्याचा पट्टा त्यांच्या रुंद मनगटाला अगदी शेवटच्या भोकावर आला, पण काय शोभलं म्हणून सांगू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी हात लांब धरून बघितलं, जवळ आणून बघितलं, कानाला लावून ऐकलं. नंतर आपली पिशवी घ्यायला म्हणून केबिनमध्ये गेले, तेव्हा मी मागे होतो. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मनगटावरचं बघितलं. दोन्ही जुळत होती. मला हायसं वाटलं.

‘‘ह्ये कुनी लावलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी.’’

ते माझ्याकडे जरा रोखून बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘चल.’’

नवा वॉचमन केबिनच्या दारात उभा होता. तरणाताठा, कडक इस्त्रीचा, आणि त्याच्या हातात स्वतःचं चकचकीत घड्याळ. आबांनी त्याला बाजूला घेऊन बरंच काही सांगितलं. तो नुसता मान हलवत होता. त्या मान हलवण्याचा अर्थ हो की नाही, हे लांबून समजत नव्हतं.

आम्ही चालत निघालो. आमची चाळ रुळांच्या पलीकडे. फाटकाशी आलो तर ते बंद होतं, मालगाडी यायची होती. आबा थांबले. मनगट वर केलं, नखाने चावी ओढली आणि मिनिटकाटा तीन रेघा पुढे घेतला. बरोबर तीन. मी बघतच राहिलो.

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘मलाच म्हाईत आसनार की. त्ये घड्याळ मीच मागं ठिवलंय.’’ त्यांनी फाटकाकडे बोट केलं. ‘‘सकाळची गाडी हितं आडवी येती. फाटक उघाडतं आन् सात वाजाय येत्यात. हितनं गेटापत्तुर सायकल हानली तरी सात वाजून जात्यात. पयल्या वर्साला एक गडी माझ्या डोळ्यांम्होरं माघारी गेला. माणवरनं आलाला, घामाघूम. मी आपला गेट लावून हुबा. घरी गेलो, पर भाकर ग्वाड लागंना.’’

‘‘मग?’’

‘‘मग दुसऱ्या दिवशी घड्याळ तीन मिन्टं मागं केलं. सकाळी तीन मिन्टं उशीर, तर जेवनाला बी तीन, सुट्टीला बी तीन. आठ तास म्हंजी आठ तास. कंपनीचं येक मिनिट खाल्लं न्हाई मी.’’ त्यांनी घड्याळाची काच बाहीने पुसली. ‘‘थोरल्या सायबांना ठाव हुतं. त्यांनी येकदा आपलं घड्याळ बघितलं, मग भित्तीवरचं बघितलं, मग माझ्याकडं. काय बोललं न्हाईत.’’

‘‘आबा, मी घाबरलो होतो. मला वाटलं, तुम्हाला...’’

‘‘म्हनून तीन मिन्टं मागं लावून दिलंस व्हय?’’ ते मोठ्याने हसले. फाटकाशी उभ्या असलेल्या दोघांनी वळून बघितलं. ‘‘लेका, तुझ्या त्या कामात आसलं चालतं का?’’

‘‘नाही चालत.’’

‘‘मग आता ह्ये खरं आसू दे. माझ्यासाठी कोन खोळंबलंय आता?’’ ते म्हणाले. मालगाडी आली आणि मी डबे मोजत राहिलो. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. गेली कित्येक वर्षं मी रोज त्या फाटकातून जात होतो, त्या सायकलवाल्या माणसांबरोबर कारखान्यात काम करत होतो आणि मला एवढंसं काही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा नेहमीच्याच वेळी उठले. पांढरा सदरा घातला, घड्याळ बांधलं आणि उंबऱ्याशी पाट टाकून बसले. जायचं कुठेच नव्हतं. आईने चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. नजर घड्याळावर. मला त्यांच्या मनात काय चाललंय ते कळलं, आणि मग माझाही चहा तसाच राहिला. त्या इस्त्रीवाल्या पोराच्या हातात स्वतःचं घड्याळ होतं.

‘‘सात,’’ आबा म्हणाले.

शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. पलीकडच्याचा झाला. आमचा होत नव्हता. आई चुलीपाशी हात तसाच ठेवून आमच्याकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं. आबांच्या कपावरची वाफ कमी झाली. दुसरं मिनिट. मला ते गेट दिसत होतं, आणि रस्त्याने उभ्याने पायडल मारणारी माणसंही दिसत होती. तिसरी रेघ यायला काट्याने किती वेळ घेतला, ते मला कुठल्याही गेजने मोजता आलं नसतं.

भोंगा झाला. पूर्ण, लांब, नेहमीसारखा.

‘‘समदी आत गेली आसतील आता,’’ आबा म्हणाले, आणि मग त्यांनी कप तोंडाला लावला.